पुण्यात मी थांबले नाही

मित्रांनो, मंचरहून घोडेगावला जाताना एक गॅरेज लागते. त्या गॅरेजच्या मागे, बाभळीखाली, चार दगडांवर टेकवून ठेवलेली जुनी जीप म्हणजे मी. माझी चाके गेली, दिवे गेले, मागच्या बाकांचा फोम उंदरांनी नेला. पुढच्या काचेवर एके काळी लाल रंगात 'आई मुक्ताई प्रसन्न' असे लिहिलेले होते. आता त्यातले 'प्रसन्न' तेवढे वाचता येते. ते वाचून गॅरेजमधली माणसे हसतात. हसू द्या. मी तुम्हाला माझी गोष्ट सांगायला बसले आहे, आणि तिच्यात माझ्यापेक्षा एका मुलीचीच गोष्ट जास्त आहे.

माझा जन्म १९९२ सालचा. अवसरी बुद्रुकच्या कुशाबाने मला पुण्याहून आणले, तेव्हा मी पांढरीशुभ्र होते आणि माझे छत कोऱ्या पत्र्याचे होते. त्यासाठी त्याने बेल्ह्याच्या बाजारात आपली बैलजोडी विकली होती. दारात आल्यावर त्याच्या बायकोने, सरूबाईने, माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटे उमटवली, चाकापुढे नारळ फोडला आणि म्हणाली, "आता बैलांसारखीच हिला जपा. वेळच्या वेळी दाणापाणी करा."

कुशाबाने मान हलवली. माणूस मनाने मोठा होता, पण त्याला एक खोड होती. माझे काही वाजू लागले, गळू लागले की तो म्हणायचा, "बघू पुढच्या आठवड्यात." तो पुढचा आठवडा मी नऊ वर्षांत फार क्वचित पाहिला.

माझा रस्ता मंचर, घोडेगाव, डिंभे आणि तिथून वर डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत. कागदावर माझ्यात नऊ माणसे बसायची आणि रस्त्यावर सतरा. कुशाबा स्वतः एका मांडीवर बसून, अर्धा बाहेर लटकून मला चालवायचा. मी बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडे नेली, हिरड्याची पोती नेली. एसटी दिवसातून दोनदा यायची, मी सहा वेळा जायचे. वस्तीवरची माणसे माझा आवाज ओळखायची. "कुशाबाची गाडी आली" असे ऐकले की मला मोठे बरे वाटायचे.

डिंभ्याच्या वरच्या चढावर एक वस्ती होती. धरणाचे पाणी चढले तेव्हा खालची भाताची खाचरे बुडाली आणि काही घरे वर येऊन राहिली, त्यांची ती वस्ती. तिथे चिमाजी आणि बायडाबाई राहायचे. वरच्या अंगाला उरलेल्या तुकड्यांत भात आणि नाचणी करायचे. त्यांची मुलगी रत्ना. ती आश्रमशाळेत शिकायची आणि शनिवारी दुपारी घरी यायची. माझ्यात बसायला तिला आवडत नसे. मी भरलेली असायचे, दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत वळणावळणाने चढायचे, आणि ही पोरगी दप्तर पाठीला बांधून सरळ पायवाटेने वर पळायची. मी शेवटच्या वळणावर पोचेपर्यंत ती दगडावर बसून पाय हलवत असायची.

एकदा कुशाबाने आश्रमशाळेच्या सुभाष गुरुजींना हे सांगितले. गुरुजी माझ्यातच बसलेले होते. तरुण माणूस, खेळाचे वेड असलेला.

"गुरुजी, ती चिमाजीची पोर बघितली का? माझ्या जीपला मागं टाकती राव!"

गुरुजींनी मान बाहेर काढून पाहिले. रत्ना पायवाटेवर ठिपक्याएवढी दिसत होती आणि ठिपका भराभर वर सरकत होता.

पुढच्या महिन्यात गुरुजींनी पुण्याहून एक फुटबॉल आणला. भात काढलेल्या खाचरात, कापलेल्या धसांवर, मुली अनवाणी फुटबॉल खेळू लागल्या. रत्नाच्या पायाला चेंडू लागला की तो तिच्याबरोबरच जायचा, दुसऱ्या कुणाचा होत नसे. दोन वर्षांनी, १९९९ साली, पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी तिची निवड झाली. पत्र्याची ट्रंक माझ्या टपावर बांधून मीच तिला घोडेगावच्या स्टँडवर सोडले. ती तेरा वर्षांची होती. बायडाबाई रडत होती आणि रत्ना खिडकीतून रस्त्याकडे पाहत होती. ती एकदाही मागे वळली नाही. पळणाऱ्या माणसाला मागे बघायची सवय नसते.

दोन वर्षांनंतरची, २००१ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. गोव्यात सतरा वर्षांखालच्या मुलींची एक फुटबॉल स्पर्धा भरली होती. नेपाळ, श्रीलंका, थायलंड अशा परदेशांतले संघ यायचे होते, आणि आपल्याकडचा एक संघ महाराष्ट्रातल्या मुलींचा होता. त्यात रत्नाचे नाव होते. गुरुजी पत्र घेऊन वस्तीवर आले. चिमाजीने ते उलटे धरले, मग सरळ धरले, मग परत दिले.

"म्हंजी दुसऱ्या देशाच्या पोरींसंगं खेळणार का आमची रत्ना?"

"हो. गुरुवारी पहिली मॅच, शनिवारी दुसरी. पहिले दोन्ही सामने चांगले झाले तर तिला थेट मोठ्या शिबिरात घेतील, देशाच्या संघाच्या."

बायडाबाई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "मी तिला खेळताना कदी बगितलंच न्हाई. म्या बगणार."

भात काढून झाले होते, माणसे मोकळी होती. कुशाबा म्हणाला, "माझ्या गाडीला मागं टाकणारी पोरगी हाय ती. तिला बघायला माझीच गाडी जाणार. डिझेल घाला, बाकी मी न्हाई मागत." असे ठरले. चिमाजी, बायडाबाई, सुभाष गुरुजी आणि वस्तीवरची आणखी सहा माणसे. तांदळाच्या भाकरी, लसणाची चटणी, पाण्याचे दोन कॅन. यांतल्या कुणीही पुण्याच्या पुढे पाऊल टाकलेले नव्हते, आणि मीही नाही.

मित्रांनो, इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा पाण्याचा पंप दोन महिन्यांपासून गळत होता. उभी राहिले की माझ्याखाली ओला डाग पडायचा. मंचरच्या मिस्त्रीने आवाज ऐकूनच सांगितले होते, "कुशाबा, याचं बेरिंग गेलंय. लांब जाणार असशील तर बदलून जा."

"आल्यावर बघू," कुशाबा म्हणाला होता.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. पुणे मागे पडले, खंबाटकी चढले, सातारा गेले. सगळी माणसे खिडक्यांना चिकटून बसली होती. चिमाजी प्रत्येक नदीवर विचारायचा, "ही कोणची?" आणि गुरुजी सांगायचे. कऱ्हाडपाशी बायडाबाईने कृष्णेत एक रुपया टाकला. कोल्हापुरात धर्मशाळेत मुक्काम केला. त्या दिवशी मी मोठ्या डौलात धावले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता असे मी आजही म्हणेन.

गुरुवारी सकाळी आजरा सोडले. सामना दुपारी चारला होता, आम्ही एकपर्यंत पोचणार होतो. आंबोली सात-आठ मैलांवर राहिली असताना माझ्या आत काहीतरी करकरले. पंपाचे बेरिंग अडकले, पट्टा तुटला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली. कुशाबाने मला कडेला घेतले. दोन्ही बाजूंना दाट झाडी. दहा वाजले होते.

कुशाबा बॉनेट उघडून उभा राहिला. त्याला लगेच कळले. तो पागोट्याने तोंड पुसत राहिला.

"काय झालं?" गुरुजींनी विचारले.

"पंप गेला."

"मंचरला सांगितलं होतं ना मिस्त्रीनं?"

"सांगितलं व्हतं."

गुरुजी मागून येणाऱ्या एसटीला हात करून सावंतवाडीला गेले. पंप आणि मिस्त्री घेऊन ते परत आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तोपर्यंत माणसे झाडाखाली बसून होती. भाकरीची फडकी कुणी सोडली नाहीत. बायडाबाई रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली होती. सावलीत ये म्हटले तरी येत नव्हती. चार वाजले तेव्हा मिस्त्री अजून माझे बोल्ट आवळत होता. चिमाजीने गुरुजींच्या घड्याळाकडे बघून विचारले, "सुरू झाली आसंल?"

"झाली असेल."

माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी नखाने रेक्झिन सोलत होते, तेवढा आवाज येत होता.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मैदान रिकामे होते. मुली जवळच्या एका शाळेत उतरल्या होत्या. माझा आवाज ऐकून रत्ना फाटकातून पळत आली. निळी जर्सी, वर बांधलेले केस. ती इतकी उंच झाली होती की चिमाजीने तिला आधी ओळखलेच नाही.

"आई! मी गोल केला! दोन केले! तुम्ही कुठं होता?"

बायडाबाईने तिचे तोंड दोन्ही हातांत धरले. "गाडी बंद पडली गं बाय."

रत्नाचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "असू दे. शनिवारी बघा. शनिवारी तुमच्यासमोर करते." आणि मग माझ्या मडगार्डला टेकून तिने सगळे सांगितले. श्रीलंकेच्या मुली कशा दमल्या, डावीकडून चेंडू कसा आला, ती कशी वळली. हाताने सांगत होती, पायाने दाखवत होती. माणसे तोंडे उघडी टाकून ऐकत होती. कुशाबा मात्र माझ्या पलीकडच्या बाजूला, एकटा, चाकाच्या नटांवरून हात फिरवत उभा होता.

शनिवारचा सामना थायलंडशी होता. मैदानाला जाळीचे कुंपण होते आणि कुशाबाने मला जाळीला नाक लावून उभे केले, म्हणून मी सगळे पाहिले. वस्तीवरची माणसे माझ्या टपावर आणि बॉनेटवर बसली. बायडाबाई जाळीत बोटे घालून उभी राहिली.

रत्ना उजव्या बाजूला होती. पहिल्यांदा चेंडू तिच्याकडे आला आणि ती सुटली, तेव्हा चिमाजी बॉनेटवर उठून उभाच राहिला. माझा पत्रा वाकला तरी मला त्याचे काही वाटले नाही. "पळ! पळ गं!" तो ओरडत होता. बायडाबाई गुरुजींना विचारत होती, "ती तिच्याच गोलाकडं चाललीय न्हवं? चुकली तर न्हाई?" गुरुजी हसत होते. अशी वीस मिनिटे गेली असतील. मला वाटते त्या माणसांनी आयुष्यात इतका आनंद एकदम कधी पाहिला नव्हता.

मग एक लांबचा चेंडू आला. तो बाहेर जाणारच होता. दुसरी कुणी मुलगी असती तर तिने सोडून दिला असता. रत्नाने जाळीकडे, आमच्याकडे, एकदा पाहिले आणि ती त्याच्यामागे गेली. रेषेवर तिने तो गाठला, उजवा पाय रोवला आणि वळली. अंग वळले, पाय वळला नाही. तिला कुणी धक्का दिला नव्हता. तिच्या जवळसुद्धा कुणी नव्हते.

ती गुडघा धरून खाली बसली.

बायडाबाई फाटकातून आत शिरली आणि अनवाणी मैदानात धावली. पंचाने तिला अडवले. भाषा कळेना, ती हात जोडत होती. दोन माणसांनी बर्फ लावला, फवारा मारला. पाच मिनिटांनी रत्ना उठली आणि म्हणाली, खेळते. कुणी नको म्हटले नाही. ती चार पावले पळाली, चेंडूला पाय लावायला गेली आणि गुडघा तिच्याखालून निघून गेल्यासारखी कोसळली. या वेळी तिला उचलून बाहेर आणले. आपला संघ तीन गोलांनी हरला, पण ते आमच्यापैकी कुणी मोजत नव्हते.

संध्याकाळी संघाचे व्यवस्थापक माझ्यापाशी आले. भला माणूस वाटत होता, घाईत होता. "सूज आहे. मुरगळलंय. पंधरा दिवस पूर्ण विश्रांती. पहिल्या सामन्यावरच तिचं नाव शिबिरासाठी घेतलंय. शिबिर वीस जानेवारीला आहे, तोवर बरी होईल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमची गाडी आहेच, तर तुम्हीच घरी घेऊन जा. रेल्वेत तिचे हाल होतील."

सगळ्यांना ते पटले. मलाही पटले. उलट मला बरे वाटले, की गुरुवारचा दोष थोडा तरी धुता येईल. संघातल्या दुसऱ्या एका मुलीचे मनगट दुखावले होते. तिचे कुणी आलेले नव्हते, म्हणून ती संघाबरोबर रेल्वेने पुण्याला गेली, आणि दुसऱ्याच दिवशी वसतिगृहाच्या बाईंनी तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेले. हे आम्हाला दोन महिन्यांनी कळले. मी गोव्याला गेले नसते, तर रत्नाही त्याच गाडीत असती.

रविवारी सकाळी निघताना कुशाबाने सगळ्यांना समुद्र दाखवला. माणसे पाण्यात उतरली. रत्ना उतरली नाही. मधल्या बाकावर आडवा पाय टाकून ती बसून होती. चिमाजी तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "लई पाणी हाय," तो म्हणाला. "आपल्या धरणापरीस मोठं."

सोमवारी दुपारी आम्ही पुण्यात शिरलो. रत्नाचा गुडघा तोपर्यंत कलिंगडासारखा झाला होता. खड्डा आला की ती ओठ चावायची. एका चौकात लाल दिव्याला मी थांबले. डाव्या हाताला हाडांच्या इस्पितळाची मोठी पाटी होती. कुशाबाने ती वाचली आणि मागे वळून म्हणाला, "गुरुजी, आलोच हाय तर दाखवून घिऊ का पोरीला? तासाभराचं काम."

रत्ना एकदम ताठ झाली. "नको काका! मला काही होत नाही. खरंच बरं वाटतंय."

"आगं, एवढी सूज हाय."

"डॉक्टरनं कागदावर काही लिहिलं ना, तर मला शिबिरात घेणार नाहीत. वीस तारखेला जायचंय मला. गुरुजी, सांगा ना त्यांना!"

चिमाजीने गुरुजींकडे पाहिले. बायडाबाईनेही पाहिले. शहरातले, खेळातले, कागदातले जे काही होते ते गुरुजींनाच कळत होते. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. त्या शिबिराचे स्वप्न त्यांनीच तर आधी पाहिले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "व्यवस्थापकांनी विश्रांती सांगितलीय. विश्रांती घेऊ द्या. बघू वीस तारखेच्या आधी."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. कुशाबाने गिअर टाकला.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला कुणी विचारत नाही आणि मला बोलता येत नाही. पण आंबोलीपाशी बंद पडायला नको होते तिथे मी बंद पडले, आणि पुण्याच्या त्या चौकात मी बंद पडले असते तर! दोन तास, एक तास. कुशाबा म्हणाला असता, गाडी होईस्तोवर पोरीला दाखवून तरी येऊ. पण माझ्यात नवा पंप होता. माझे पाणी थंड होते, पट्टा ताणलेला होता. मी इतकी सुरेख सुटले की कुशाबासुद्धा म्हणाला, "आता कशी पळती बघा!"

घरी आल्यावर घोडेगावच्या एका म्हाताऱ्याने गुडघा चोळला आणि पाला बांधला. पंधरा दिवसांनी सूज उतरली. रत्ना चालू लागली, मग खाचरात हळूहळू पळू लागली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वीस जानेवारीला मीच तिला घोडेगावला सोडले. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी ती पळताना कोसळली. तेव्हा कुठे डॉक्टरांनी पाहिले. आतला बंध डिसेंबरातच तुटला होता, म्हणाले, आणि तुटलेल्या बंधावर पळून पळून तिने बाकीचेही फाडून घेतले होते. ऑपरेशन करावे लागेल, नंतर वर्षभर व्यायाम.

ते ऑपरेशन कधीच झाले नाही. त्याचा खर्च मिळायला मुलगी संघाकडून खेळताना जखमी झाली असा एक कागद हवा होता. त्यासाठी व्यवस्थापकांची सही हवी होती. व्यवस्थापक बदलले होते. नव्यांनी जुन्यांकडे पाठवले. चिमाजी माझ्या पुढच्या बाकावर बसून चार वेळा घोडेगावला आणि दोनदा पुण्याला गेला. दर वेळी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरायचा. जूनमध्ये गुरुजींची बदली झाली. जाताना ते रत्नाला भेटायला वस्तीवर आले, पण दारापर्यंत येऊन परत फिरले. खाली येऊन माझ्यात बसले आणि कुशाबाला म्हणाले, "चला." पाऊस लागला, लावणी आली. सातव्यांदा चिमाजी निघालाच नाही.

वसतिगृहाने रत्नाचे नाव कमी केले. पत्र्याची ट्रंक परत माझ्याच टपावरून आली. ती दहावी झाली, मग घरीच राहिली. लावणीच्या चिखलात तिचा गुडघा निसटायचा, म्हणून ती बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधायची. नारायणगावला टोमॅटो निवडायच्या कामाला ती जाऊ लागली, कारण ते काम बसून करायचे असते. पायवाट तिने सोडली. माझ्यात बसताना ती आधी बाकावर टेकायची आणि मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायची. मला वजन ओळखता येते. ती हलकी झाली होती.

आणि कुशाबा? गोव्याच्या त्या फेरीपासून त्याने माझे एकही काम पुढच्या आठवड्यावर टाकले नाही. थेंबभर तेल गळले तरी मिस्त्रीकडे. पट्टे, नळ्या, बेरिंगे, सगळे वेळेआधी बदललेले. मंचरच्या स्टँडवरचे जीपवाले म्हणायचे, "कुशाबाची गाडी बघा राव, अजून नव्यासारखी." पण त्या कौतुकाने मला कधी आनंद झाला नाही. कुशाबालाही झाला नसावा. तो स्पॅनर घेऊन माझ्याखाली झोपायचा आणि काम संपले तरी बराच वेळ तसाच पडून राहायचा.

रत्नाचे लग्न झाले, मुलगी झाली. तिचे नाव संस्कृती. २००८ सालच्या उन्हाळ्यात रत्नाला उजवा पाय खाली टेकवेना, म्हणून नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले. बायडाबाई आणि कुशाबा तिला मंचरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ती बावीस वर्षांची होती. ती परत येऊन माझ्यात बसली तेव्हा बायडाबाईने कुशाबाला सांगितले, "म्हनतो, गुडघ्यातली गादीच झिजली. साठीच्या बाईसारखा झालाय. म्हनतो, तवाच का न्हाई आणली?"

कुशाबाने किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तो बसून राहिला.

"रत्ने," तो म्हणाला, "त्या दिवशी पुण्यात मी तुझं ऐकायला नको व्हतं."

"जाऊ द्या काका," ती म्हणाली. "मीच म्हणाले होते ना, बरं वाटतंय."

तेवढ्यात तीन वर्षांची संस्कृती आजीच्या हातातून सुटली, माझ्या पायरीवरून खाली उतरली आणि स्टँडच्या मोकळ्या जागेत पळत सुटली. तिचे पळणे मी ओळखले. तुम्हीही ओळखले असते. रत्नाने माझ्या दाराला धरून अर्धे अंग बाहेर काढले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "पळू नको! संस्कृती, पळू नको! पडशील!"

पोर दचकून थांबली. मग चालत परत आली.

त्यानंतर वर्षभरात मी भंगारात गेले. माझे वय झाले होते, नव्या गाड्या आल्या होत्या, कुशाबाचे डोळे अधू झाले होते. गॅरेजवाल्याने माझे जे जे चांगले होते ते काढून दुसऱ्या गाड्यांना बसवले. माझा पाण्याचा पंप अजूनही कुठल्यातरी जीपमध्ये चालतो म्हणे.

मित्रांनो, जुन्या गाड्या शेवटी सांगतात की आमची निगा राखा. मी तसे सांगणार नाही. माझी निगा राखली गेली, हवी त्याहून जास्त. मला एवढेच म्हणायचे आहे: तुमच्या शेजारी बसलेले कुणी ओठ चावत असेल आणि तोंडाने म्हणत असेल की मला काही होत नाही, तर त्याच्या तोंडाचे ऐकू नका, ओठांकडे बघा. मागे कितीही भोंगे वाजोत. खाली उतरा आणि त्याला आत घेऊन जा.